तुमच्या बंधूंनी कॉम्प्युटर जोडायला घेतला, त्याची हकीकत

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते, पण खुर्चीखाली गेलेलं पेनाचं टोपण काढायला. त्यातच तुमचा नमस्कार उरकून घेतला, राग मानू नये.) तुमचे गुडघे काय म्हणतात? डावा उजव्याचं ऐकायला लागला, की दोघांचा अबोला अजून तसाच? मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला कपाटामागची धूळसुद्धा दिसते आणि सूनबाईंची काही धडगत नाही, असं भाच्याने कळवलं. डोळ्यांना जपा, आणि सूनबाईंनाही.

आम्ही दोघं ठीक आहोत. फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुम्ही म्हणाल. पण आमचं घर दोन खोल्यांचं, आणि तुमचे बंधू रिटायर झाल्यापासून दोन्ही खोल्यांत एकाच वेळी असतात. मी फोन उचलला की त्यांना त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं. म्हणून पत्र. आत्ता त्यांना वाटतंय की मी वाण्याची यादी करते आहे. यादी जरा लांबली आहे, पण त्यांचं लक्ष नाही.

तर सांगायचं म्हणजे, तुमच्या बंधूंनी कॉम्प्युटर जोडायला घेतला. 'घेतला' नव्हे, 'जोडायला घेतला'. तयार मिळतात, भिंतीला वायर लावली की चालू होतात, हे मला माहीत आहे आणि मी ते सांगूनही पाहिलं. त्यावर, "तयार कपड्यांत आणि अंगावर माप घेऊन शिवलेल्यांत फरक असतो," असं उत्तर आलं. हा माणूस लग्नानंतर एकदाही माझ्याशिवाय शिंप्याकडे गेलेला नाही. बरं, कॉम्प्युटरही साधासुधा नको. खेळ खेळायचा हवा. तोही कसला, तर ट्रक चालवायचा. म्हणजे आपण खुर्चीत बसायचं आणि पडद्यावर ट्रक चालवत परमुलखात माल पोचवायचा. माल पोचला की दुसरा माल. मी म्हटलं, हे तर नोकरीसारखंच झालं, पेन्शन मिळते ना? पण यांनी कुठल्याशा ठिकाणी वाचून ठेवलं होतं की या खेळात रस्ते खऱ्यासारखे असतात, वळणं खरी, पाट्या खऱ्या. सारा जन्म नकाशांच्या कचेरीत रस्त्यांच्या रेषा ओढण्यात गेला, आता त्या रेषांवरून जायचं आहे, असं म्हणाले. माणसाने इतकं चांगलं वाक्य तयार ठेवलेलं असलं की बायकोने माघार घ्यावी.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. रिटायर झाल्यावर काही महिन्यांतच यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली होती. "आजपासून तू चालव. समोरून येणाऱ्या दिव्यांचा मला त्रास होतो," म्हणाले. तेव्हा भर दुपारची वेळ होती. मी वर आकाशाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने किल्ली घेतली. आता मी चालवते आणि ते शेजारी बसून रिकाम्या जमिनीवर पाय दाबून ब्रेक लावतात. (तिथली चटई आता झिजली आहे.) गाडी सोडलेल्या माणसाला ट्रक का हवासा वाटतो, याचा मी तेव्हा फारसा विचार केला नाही. पुरुषांना रिटायर झाल्यावर काय वाटेल याचा नेम नसतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे वकील झाडांशी बोलतात.

सुटे भाग एकेक करून यायला लागले. सगळ्यात आधी आली ती पेटी, कॅबिनेट म्हणतात तिला. एका बाजूने काच, आतून दिवे. ती आम्ही कपाटाजवळ ठेवली, तर वकीलबाई येऊन विचारून गेल्या की मासे कोणते सोडणार. मग मदरबोर्ड आला. म्हणजे एक हिरवट-काळा पाट, त्याच्यावर खाचा, भोकं आणि सुयांची रांग. बाकी सगळे भाग हिच्यावरच बसायचे, हिच्याकडूनच वीज घ्यायचे, आणि काही बिघडलं की पहिला संशय हिच्यावरच. नाव ठेवणाऱ्याने आई जवळून पाहिलेली असणार. नंतर प्रोसेसर आला. बिस्किटाएवढा चौकोन, पण डब्यात असा गुंडाळलेला की आपल्या चिरंजीवांना दवाखान्यातून घरी आणताना मी एवढी काळजी घेतली नव्हती. ग्राफिक्स कार्ड आलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. विटेसारखं जड, त्याला स्वतःचे पंखे, आणि लांबीला पेटीतल्या जागेपेक्षा अंगठाभर जास्त. हयातभर मोजमापात एका केसाची चूक न करणाऱ्या माणसाने पेटी आतून न मोजता बाहेरून मोजली होती! दिवसभर घरात सुतकी शांतता. शेवटी मीच पेटीत डोकं घालून पाहिलं, तर पुढच्या बाजूला एक रिकामा पिंजरा होता, जुन्या प्रकारच्या डिस्कसाठी ठेवलेला. आपल्याला त्याचं काम नव्हतं. तो सोडवून काढला आणि वीट बसली. मी काही बोलले नाही. (म्हणजे त्या दिवशी नाही.)

जोडणीचा मुहूर्त ठरला. जेवणाचं टेबल रिकामं करून वर जुनी चादर घातली. यांनी चष्मा पुसला, व्हिडिओ लावला, त्यातला तरुण फारच भराभर बोलत होता म्हणून बंद केला, आणि मला म्हणाले, "तू बस इथे. प्रोसेसर तू बसव. माझा चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं." मला आश्चर्य वाटलं. खेळणं त्यांचं, हौस त्यांची, आणि पहिला मान मला! पण मी चाळीस वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत लोकांच्या शिरा शोधण्यात घालवलेली बाई. मी बसले. कोपऱ्यातला बारका त्रिकोण पाहून चौकोन अलगद ठेवला, दांडी खाली दाबली, ती कुरकुरली, पण चौकोन बसला. त्याच्यावर वाटाण्याएवढं राखाडी मलम लावायचं असतं, उष्णता वाहून न्यायला. तेही मीच लावलं. पंखाही मीच कसला, चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे. हे नुसते सूचना देत होते. "जरा डावीकडे. हां. जोर नको." हात मात्र दोन्ही मांडीवर, एकावर एक, घट्ट. समारंभात बसल्यासारखे.

मी थट्टा करत होते, वन्सं. मला खरंच मजा येत होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून एखादी वस्तू केलीच नव्हती. ते कचेरीत, मी प्रयोगशाळेत, आणि संसार आमच्या पाठीमागे आपला आपण होत राहिला. आता टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं आणि मधे ते उघडं यंत्र. मी म्हटलं, "अहो, तुम्ही साहेब आणि मी मजूर, हे काही खरं नाही. उद्याचं काम तुम्ही करायचं." हसले आणि "बघू" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दात दाखवायला दवाखान्यात गेले होते. परत आले तर दार नुसतं लोटलेलं. हे टेबलाशी पाठमोरे बसलेले. पेटीच्या पुढच्या बटणापासून काही बारीक वायरी निघतात, त्यांची टोकं मदरबोर्डवरच्या सुयांवर चढवायची असतात. सुया म्हणजे कशा, तर टाचणीच्या निम्म्या, दाटीवाटीने उभ्या. मी घरी नसताना तेवढं एक काम स्वतः करून ठेवावं, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्यातल्या दोन सुया वाकल्या होत्या. जमिनीवर स्क्रू सांडलेले. आणि यांनी उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी धरून ठेवला होता, जसं आपण रस्ता ओलांडताना मुलाला धरतो. धरलेला असूनही तो थरथरत होता.

मी पर्स खाली ठेवली. म्हटलं, "कधीपासून?"

"किल्ली दिली त्याच्या आधीपासून."

"डॉक्टर?"

"जाऊन आलो. फिरायला जातो म्हणून सांगायचो ना, त्यात दोनदा तिकडेच गेलो होतो. कंपवात आहे म्हणाले. गोळ्या चालू आहेत, चहापत्तीच्या डब्यामागे ठेवतो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी नुसत्या हाताने रेघ ओढायचो ना, तर पट्टी लावलीय का ते बघायला ऑफिसातली माणसं यायची. आता हात माझं ऐकत नाही. म्हटलं, खेळात गाडीसारखं चाक हातात धरायचं असतं, चाकाला धक्के चालतात. निदान चाक तरी."

वन्सं, मी कुणाच्याही हाताकडे पाहून सांगू शकले असते. उभ्या जन्मात हातच पाहिले मी. आणि घरातला हात मांडीवर घट्ट धरलेला दिसला, तर मला समारंभ आठवला! रडू आलं नाही, राग आला. मी म्हटलं, "चहा मी करते या घरात. डब्यामागे लपवलेलं मला दिसणार नाही असं कसं वाटलं तुम्हाला?" (दिसलं नव्हतं, हे खरं. पण भांडणात प्रामाणिकपणा फार लांबवू नये.) आम्ही चांगलं कडकडून भांडलो. मी म्हटलं, तुम्ही मला परकी केलीत. ते म्हणाले, तू लगेच नर्स होतेस आणि मग नवरा राहत नाही, पेशंट राहतो. आणि खरंच, मी तोवर मनातल्या मनात त्यांच्या जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा लावून टाकल्या होत्या.

मग मी चिमटा आणला आणि वाकलेल्या सुया सरळ केल्या. वायरी चढवताना त्यांनी टॉर्च धरला. उजेड हलत होता, त्यामुळे सुयांच्या सावल्या नाचत होत्या, पण मी "नीट धरा" म्हटलं नाही, आणि त्यांनीही "दे, मी बघतो" म्हटलं नाही. एवढ्यानेच बरंच काही ठरलं आमच्यात.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, खोलीत जांभळा उजेड पडला, आणि पडदा काळा ठिक्कर. ज्याच्याकडून भाग घेतले त्या दुकानदाराला फोन लावला. तो केसांची शेंडी बांधणारा पोरगा, पण वागायला फार सभ्य. त्याने एवढंच विचारलं, "काकू, पडद्याची केबल कार्डाला लावलीय की बोर्डाला?" आम्ही दोघांनी मागे वाकून पाहिलं. मग मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. केबल काढून कार्डाला लावली, पडदा उजळला. यांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि आधी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाजवलीच.

तर असा कॉम्प्युटर जोडून झाला. आता रोज सकाळी अंघोळ झाली की ते ट्रक घेऊन निघतात. कुठून कुठे जातात देव जाणे. त्या खेळाशी माझा काडीचाही संबंध नाही. मी आपली स्वयंपाक करते आणि इंजिनाचा आवाज ऐकते. गोळ्यांची वेळ झाली की तेच गाडी कडेला घेऊन थांबतात, मी सांगायला जात नाही. डॉक्टर म्हणतात, आजार हळू चालणारा आहे, आणि हात कामात ठेवणं चांगलं. चिरंजीवांना आम्ही दोघं मिळून सांगणार आहोत, तोवर तुम्ही कळवू नये. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. सूनबाईंना म्हणावं, कपाटामागची धूळ आमच्याकडेही आहे.

ता. क. दुसरा. आता खरं काम. तुम्हाला सांगायचं नाही असं मी यांना वचन दिलं होतं, आणि ते मोडलं. का, तर हे कळल्यापासून मी यांच्याशी भांडायला जाते आणि आवाज चढतच नाही. त्यांना ते लगेच समजतं आणि तोंड उतरतं. त्यांच्याशी आता निखळ भांडेल असं जगात एकच माणूस उरलंय. म्हणून कृपा करून इकडे धावत येऊ नका, फोनवर गळा काढू नका. फोन करा आणि या वयात असली खेळणी घेतल्याबद्दल त्यांना सडकून झोडा. मऊ बोललात तर त्यांना कळेल की मी पत्र लिहिलं.

ता. क. तिसरा. ताई, पाकीट चिकटवायला तिने माझ्याकडे दिलं. वाण्याच्या यादीला पाकीट लागतं हे मला नवीन होतं, म्हणून वाचली. अक्षर असं का, ते तुला वर कळलंच आहे. मी बरा आहे, काळजी करू नकोस. फोन करशील तेव्हा ती म्हणते तसंच झोड. मी पण उलटून बोलेन. मी हे वाचलंय याचा मात्र तिला सुगावा लागू देऊ नकोस, फार मनापासून लिहिलंय तिने. आणि काडीचा संबंध नाही म्हणते, ते काही मनावर घेऊ नकोस. दुपारभर ट्रक तीच चालवते, मला शेजारी स्टुलावर बसवून. रस्ता मी सांगायचा, आणि तिने तो ऐकायचा नाही. आता पुरे करतो. हाका मारते आहे, ट्रक नाल्यात घातलेला दिसतो.