जर्मन इंजिनाचे बोल्ट

ला सेन, मार्च १९२१

प्रिय आई,
तुझ्या दोन्ही गालांवर माझे पापे.

मी ठणठणीत आहे. बाबांना आता झोप लागते का? परसात खणताना अजून तोफगोळे निघतात?

जर्मनांनी तुझ्या लेकाला, आपल्या अन्सेल्मला मारलं, तेव्हापासून मी या गोदीत राक्षसी रणगाड्याचे पोलादी पत्रे ठोकतेय. बारा माणसं पोटात घेणारं हे धूड पुरं होण्याआधीच युद्ध संपलं. काम चालू राहिलं, माझा रागही. आणि काल त्याला इंजिन आलं ते जर्मन! मी हातोडा फेकून दिला.

"अगं बाई, हरलेल्यांकडून वसूल केलंय," मुकादम बार्तेलेमी हसला. "आता त्यांचाच घोडा आपली गाडी ओढणार!"

मग त्याचे बोल्ट मीच आवळले, हात सोलवटेपर्यंत. आपला अन्सेल्म घरी आला नाही. हे इंजिनही आता त्याच्या घरी जाणार नाही.

तुझीच,
क्लेमांस