मेणातला ळ

८ जानेवारी १९२७

अकोल्याच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. गाठ आहे. ३१ ला काढायची. पुढं दोन महिने तोंडातून हूं की चूं नाही. "आणि मग?" विचारलं. म्हणाले, "मग बघू." हे बघू मला अजिबात आवडलं नाही. गाण्याची मास्तरीण मी, घसा सोडून माझ्याजवळ दुसरं आहे काय? बडनेऱ्याला गाडी बदलताना रडू फुटलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? काय सांगू तिला.

११ जाने.

मोठ्या बाईंना सांगितलं. (यापुढं मो.बा. लिहीन.) टेंपररीला आठवड्यापलीकडं रजा नाही, हे मला ठाऊक होतंच. मो.बा. पुण्याच्या, बोलणं इस्त्री केलेलं. "सुभद्राबाई, शाळेशेजारच्या वकीलसाहेबांच्या माडीवर जुना फोनोग्राफ आहे. मेणाच्या नळीवर आवाज कोरून घेतो. गाणी आधीच भरून ठेवा. वर्गात यंत्र गाईल, तुम्ही नुसत्या उभ्या राहा." हुशार आहे बाई, मान्य केलं पाहिजे.

एप्रिलात शाळेची कमिटी बसणार. मला कायम करायचं की नाही ते मो.बा.च्या रिपोर्टावर. झाले तर आई नि मी इथंच अमरावतीत. नाही झाले तर चांदूर बाजारला, भावाच्या मळ्यात वांगी तोडायला. वांग्यांशी माझं वाकडं नाही. वहिनीशी आहे.

१५ जाने.

वकीलसाहेबांची माडी. यंत्रावर धुळीचा थर. कर्णा आहे, चावी आहे, कोऱ्या नळ्या आठ. त्यांतल्या तिनांवर बुरशी, पांढरे ठिपके, पाकातल्या वडीवर येते तशी. राहिल्या पाच. सुया दोन. एक कोरते, एक वाजवते. दिसायला दोघी सारख्या. वकीलसाहेब म्हणाले, "जपून हं. आमच्या तीर्थरूपांनंतर कोणी हात लावलेला नाही." म्हणजे शिकवणारं कोणी नाही. छापील कागद आहे तो इंग्रजीत, आणि अर्धा कसरीनं खाल्लेला.

१७ जाने.

गाऊन झालं. ऐकायला सुई लावली. खरखर, खरखर, आणि मेणाचा भुगा पडू लागला. कोरायचीच सुई लावली होती! माझंच गाणं माझ्याच हातानं खरवडून काढलं. दुसऱ्या नळीला सुई बरोबर, पण मी हातभर लांब बसलेली. आवाज आला तो मच्छर गुणगुणावा तसा. दोन नळ्या गेल्या. गाठ दुखते. रागानं कर्ण्याला चापट मारली तर वकीलीणबाई दारात उभ्या.

२३ जाने.

जमलं! तोंड पार कर्ण्यात घालायचं, विहिरीत वाकून हाक मारतात तसं. आणि ओरडायचं. आज दोन गाणी भरली. एक पाढ्यांचं. दुसरं माझंच रचलेलं,

काळी माती, निळे आभाळ,
पिवळ्या फुलांची घालू माळ.

बाबा झेंडू लावायचे ते डोळ्यांपुढं धरून गायले. दुसऱ्या कडव्यात वकीलीणबाई शिंकल्या. ती शिंकही उतरली आहे. राहू दे. आता एकच नळी कोरी उरली, ती शिंकेपायी घालवू का?

चार वेळा ऐकलं. आपला आवाज असा असतो? जरा नाकातून येतो. पण साफ आहे, शब्द न् शब्द साफ. मी खूश.

३० जाने.

उद्या दहाला. आईला घेऊन अकोल्यात, तिच्या मावसबहिणीकडं. आज शेवटचं बोलून घ्यावं म्हणून दिवसभर मनात मोठमोठी वाक्यं जुळवत होते. जेवायच्या वेळी आईनं विचारलं, "भाकर टाकू का वं आणखी?" मी म्हटलं, "टाक." आणि मग भीतीनं बोलायचं सुचलंच नाही. शेवटचा शब्द तेवढाच राहिला.

६ फेब्रुवारी

घरी. गाठ निघाली. घसा म्हणजे निखारा. डॉक्टरांनी पाटी वापरा म्हणून सांगितलं. डॉक्टरांना काय माहीत की आईला अक्षर येत नाही. पाटीवर लिहिलं, मीठ कमी आहे. आईनं पाटी हातात घेतली, पुसली, फळीवर ठेवून दिली.

गल्लीत उठलं की सुभद्राबाईनं मौन धरलं. दोन बाया पाया पडून गेल्या. एकीनं नारळ ठेवला. नाही म्हणायची सोय नाही.

९ फेब.

यंत्र वर्गात. चाळीस पोरी, पहिल्यांदाच चिडीचूप. माझाच आवाज कर्ण्यातून आला आणि सगळ्या माझ्या तोंडाकडं पाहू लागल्या. मी तोंड मिटून. कुसुमनं शेजारणीला विचारलं, "बाई पोटातून गाऊन राहिल्या का वं?"

स्प्रिंग म्हातारी आहे. शेवटच्या ओळीला दम सुटतो, सूर खाली खाली जातो, म्हशीच्या हंबरण्यापर्यंत. पोरीही तशाच खाली गेल्या, मन लावून. आणि दुसऱ्या कडव्यात चाळीस पोरी एकदम शिंकल्या. मी पट्टी आपटली. पाटीवर लिहिलं, शिंकायचं नाही. मागच्या बाकांना दिसलं नाही. पुढच्या फेरीला पुढच्या शिंकल्या नाहीत, मागच्या शिंकल्या. अरे देवा.

मो.बा. पुण्याला गेल्या, बहिणीचं बाळंतपण. तीन आठवडे त्या नाहीत हे एक बरं.

१९ फेब.

शिंकायची खोड सुटली. सूर अजून घसरतो. मी आता प्रत्येक कडव्याला चावी देते, यंत्र सरळ गातं, पण पोरी सवयीनं घसरतात. हातानं वर, वर करून दाखवते. त्यांना वाटतं, मोठ्यानं. मग त्या मोठ्यानं घसरतात.

तरी गाणं बसलं. काळी माती तर अशी म्हणतात की रस्त्यावरची माणसं थांबतात. माळ्याच्या पोरीचं गाणं साहेबांच्या छावणीपर्यंत जाईल, आई म्हणते. आज पुष्कळ दिवसांनी भूक लागली.

२८ फेब.

मो.बा. आल्या. पोरींनी म्हणून दाखवलं. मो.बा.च्या कपाळावर आठी. मग यंत्र लावायला सांगितलं. एकदा ऐकलं. पुन्हा लावा. पुन्हा ऐकलं.

"सुभद्राबाई, हे 'घालू माय' काय आहे?"

मला कळेचना. पाटीवर लिहिलं, माळ.

"तुम्ही लिहिता माळ. गाता माय. कायी माती, निये आभाय, पिवया फुलांची घालू माय. कोणाच्या माईला कुठं घालायचं?"

पोरी खदखदून हसल्या. मी पाटी पुसून टाकली.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर एकटीनं यंत्र लावलं. ऐकू आलं. एकदा ऐकू आल्यावर आता दुसरं काही ऐकूच येत नाही. काय म्हणावं याला? चार वेळा ऐकून 'साफ आहे' असं मीच वर लिहून ठेवलंय. अमरावतीत आल्यापासून आठ वर्षं मी शुद्ध बोलते अशा समजुतीत आहे. याच ळ साठी मी पोरींना बाकावर उभं केलंय, कुसुमला तर दोनदा. आणि घाबरले, कर्ण्यात तोंड घातलं, की जिभेवर लगेच चांदूर बाजार.

आता पुन्हा गाऊन दुरुस्त करावं तर घसा बंद.

२ मार्च

यंत्र घरी आणलं, आईला ऐकवलं. आई पदर सावरून बसली, डोळ्यांत पाणी. "किती गोड म्हणते वं माही पोरगी." मी 'माळ' वर सुई आणून पुन्हा लावलं, खुणेनं विचारलं, इथं काय म्हटलंय? आई म्हणाली, "माय. बराबर तं म्हटलं. माय म्हंजे हार. चुकलं काय त्याच्यात?"

काही चुकलं नाही आई. तुला कसं सांगू, पाटी तुला वाचता येत नाही.

७ मार्च

पोरींना फळ्यावर मोठा ळ काढून दिला. त्यावर बोट ठेवते, जीभ टाळूकडं वळवून दाखवते. चाळीस पोरींनी जिभा बाहेर काढल्या. मग म्हणाल्या, आभाय. त्यांचं तरी काय चुकतं? घरी हेच, बाजारात हेच, यंत्रातही हेच, आणि यंत्रात तर खुद्द बाई म्हणते.

१० मार्च

मो.बा. म्हणाल्या, उरलेल्या कोऱ्या नळीवर मीच गाते. ळ तरी शुद्ध येईल. त्यांनी खुर्ची ओढली, कर्ण्यात तोंड घातलं, डोळे मिटले. ळ आला. असा आला की ऐकत राहावं, माळेतला मणी वेगळा दिसावा असा. पण सूर? सूर कुठंच नाही. काळी माती एकीकडं, निळं आभाळ तिसरीकडं. मला हसू दाबता येईना, आणि हसायला डॉक्टरांची मनाई. घसा धरून बाहेर पळाले.

नळी संपली. पोरींना आता तेच गाणं दोन तऱ्हांनी आहे. एकात सूर आहे, एकात ळ. त्यांनी दोन्ही मिळवून काय केलं असेल? सूर मो.बा.चा घेतला आणि ळ माझा.

१८ मार्च

मो.बा.नी बोलावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मऊ बोलल्या. "हे पाहा, तुमचा गळा आणि कष्ट दोन्ही मला दिसतात. पण माझ्या सहीनं कमिटीकडं असं कसं लिहू, की मराठी आणि गाण्याच्या शिक्षिका 'घालू माय' शिकवतात? पुण्याच्या एका बाईंचा अर्ज टेबलावर आहे. ४ एप्रिलला, सोमवारी, माझ्यासमोर एक पान वाचा. ळ आला तर तो अर्ज परत पाठवते."

वाचा म्हणे. आवाज आहे की गेला तेच ठाऊक नाही. पाटीवर लिहिलं, बरं. दुसरं काय लिहिणार?

२३ मार्च

ऊन तापलं. माझी 'काळी माती'ची नळी खिडकीशी राहिली, मेण एका अंगानं बसलं. आता सुई तिथं आली की उडी मारते. पोरी उडी मारतात. मी पट्टी आपटणं सोडलं.

खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. ती नळी नाहीतरी झिजलीच होती, फार तर आणखी चार दिवस टिकली असती. पण 'माय' मात्र जशीच्या तशी. उडी मारते ती आभाळावर.

२६ मार्च

घरी बसून नुसती जीभ वळवते. आवाज नाही, नुसती जीभ. काळा, निळा, पिवळा, डोळा, केळी, बाभूळ. बरोबर वळते का? कोणाला माहीत. जीभ दिसत नाही, आवाज काढायचा नाही. आई म्हणते, "काय चघळून राहिली वं दिवसभर? सुपारी खातेस काय चोरून?"

चीड आली. काहून पाहिजे यांना हा ळ? आमच्या बाबांनी त्याच्याशिवाय जन्मभर फुलं विकली. एका गिऱ्हाइकानं म्हटलं नाही की माय नको, माळ द्या. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मले नाही येत जा. कोणाला दाखवायचं होतं कोण जाणे. आईनंच हातातून घेऊन पुसलं.

३० मार्च

मनात वेगळंच भय. आवाज आलाच नाही तर सगळे म्हणतील, बिचारी, घसा गेला. आवाज आला आणि ळ नाही आला तर म्हणतील, अडाणी. पहिलं बरं वाटू लागलंय. देवा, असलं काही मनात येऊ देऊ नको.

२ एप्रिल

अकोला. बाहेर डांबर पातळ व्हावं असं ऊन. पाटीवर सोमवारचं वाचन लिहून दाखवलं. डॉक्टरांनी आरसा घातला, बराच वेळ पाहिलं. "सुकलं छान. आज एक शब्द बोला. एकच. उद्या दोन. परवा वाचा काय वाचायचं ते, पण सावकाश."

परवाच सोमवार.

कोणता शब्द ते गाडीतच ठरवून ठेवलं होतं. जीभ मागं नेली, टाळूला टेकवली, नीट वळवली. डोळे मिटले. म्हटलं, शाळा.

आवाज आला! जाडाभरडा, माझा नव्हे तर कुणा म्हाताऱ्याचा वाटावा असा, पण आला. आई दारातच रडायला लागली. माझ्या कानात मात्र नुसता घुमारा, आवाज आला एवढंच कळलं, शब्द कसा निघाला ते काही कळलं नाही. बोलताना कळतच नाही, यंत्रातूनच कळतं. मी डॉक्टरांच्या तोंडाकडं पाहत राहिले. दोन महिने जपून ठेवलेला शब्द शिकलेल्या कानानं ऐकणारा तोच एक माणूस.

डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले, "वा बाई! शाया म्हटलं तुमी. एकदम साफ. शाया!"

डॉक्टर अचलपूरचे, म्हणजे आमच्या चांदूर बाजारच्या शेजारचेच.

मी शाळा म्हटलं आणि त्यांनी शाया ऐकलं? की मी शाया म्हटलं नि त्यांनी जसंच्या तसं सांगितलं? की त्यांच्या तोंडून दोन्ही सारखंच निघतं? हात धरला त्यांचा. विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी पटकन बोट ओठांवर ठेवलं.

"अं हं. आजचा झाला."