नियोजित वेबसाइट-प्रमुख

६ जानेवारी २००३, सेलू
वाचनालयात कम्प्युटर आला. वेबसाइटही निघणार. अध्यक्ष महादेवराव म्हणाले, ३१ मार्चला तुम्ही रिटायर, पण वेबसाइट सांभाळायला एक माणूस लागेल. म्हणताना माझ्याकडेच पाहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीचा ग्रंथपाल समोर असताना दुसरा आहे कोण?
संकल्प : रोज एक तास कम्प्युटर.

७ जानेवारी
लाइट नव्हती.

१५ जानेवारी
वर्ध्याला कोर्स लावला. बॅचमधली पोरे आजोबा म्हणतात. सर म्हणाले, काका, माउस हवेत उचलू नका, टेबलावरच सरकवा. ही काय बोलण्याची रीत? परतीच्या बसमध्ये उभा. कंबर गेली.

१६ जानेवारी
उपाय सापडला. काउंटरवरच्या काजलला माझ्या जागी कोर्सला पाठवायचे. तिने शिकून यायचे, दुपारी मला सांगायचे. प्रमुखाने धोरण बघावे. तिची फी वाचनालयाने भरावी म्हणून महादेवरावांशी भांडलो. पोरगी म्हणाली, काका, तुमचे उपकार नाई फिटणार. साधी आहे.

२ फेब्रुवारी
काजल फोल्डर शिकवत होती. मध्येच चौथीतली पाखरांची कविता आठवली. गुरुजी खिडकीशी उभे राहून म्हणत, आणि सगळा वर्ग डोलायचा. पूर्ण म्हणून दाखवली. डोळे भरले. फोल्डर राहिले.
वेबसाइटच्या पहिल्या पानावर हीच कविता. पुस्तकांची यादी मागाहून बघू.

२० फेब्रुवारी
वच्छलाबाई शेजारणीला सांगत होत्या, यायले घरचा मिक्सर लावता येत नाई अन् वेबसाइट चालवून राह्यले! स्वतःच्या बायकोने असे बोलावे? निषेध म्हणून चहा नाकारला. नंतर घेतला.

१० मार्च
कोर्स संपला. सर्टिफिकेटवर काजलचे नाव! काऊन, म्हणून विचारले. म्हणाली, हजेरी माझी होती ना काका. असो. कागदाला काय महत्त्व?

२२ मार्च
मुलाखत. काजलही आली होती. माझ्या सोबतीला असेल.
महादेवराव म्हणाले, कपाशीच्या रोगांवरचे पुस्तक कम्प्युटरवर शोधा. मी उठलो, आठ नंबरच्या कपाटातून काढले, धूळ झटकून टेबलावर ठेवले. कम्प्युटर अजून चालूच होत होता! कमिटीतले चंद्रभान म्हणाले, भाऊ, तुमाले तोड नाई. सगळे पोट धरून हसले. नेमणूक झाल्यात जमा.

२९ मार्च
काजलची नेमणूक झाली.

२९ मार्च, संध्याकाळ
विश्वासघात! मी शिकवलेली पोरगी. म्हणजे शिकायला पाठवलेली. पाया पडायला आली. म्हणाली, तुमीच मले या लाइनीत आणलं. आशीर्वाद दिला नाही. हात सवयीने डोक्यावर गेला, तो हिशेबात धरू नये.

५ एप्रिल
असहकार. वाचनालयाची पायरी चढणार नाही. समजूत काढायला येतीलच.

९ एप्रिल
आज बेल वाजली. गॅसवाला.

१२ एप्रिल
समजूत काढायची त्यांना एक संधी द्यावी म्हणून स्वतःच गेलो. कवितेचे पुस्तक मागितले. काजल खुर्चीवरून उठून उभी राहिली. म्हणाली, राग नका मानू काका, पण मेंबर नसला तं कम्प्युटर पुस्तक देऊच देत नाई. एकतीस वर्षांत प्रथमच मेंबर झालो. ती विचारत गेली, टाइप करत गेली. नाव. पत्ता. वय. मग व्यवसाय. छाती पुढे काढून सांगितले, नियोजित वेबसाइट-प्रमुख.
तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग 'निवृत्त' असे टाइप केले. एकही चूक नाही.