कुजक्या पानांतला कंदील

९ सप्टेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

हात चिखलाने माखलेत, वहीचं पान खराब होतंय — होऊ दे. शहराच्या तलावामागचं जंगल, तिसऱ्या ओढ्याच्या पलीकडे, कुजक्या पानांच्या थराखाली — ताईचा कंदील! अंगठ्याच्या नखाएवढा. नुसतं फूल; त्याला पान नाही, हिरवा रंग तर औषधालाही नाही. निळसर, काचेसारखा, आत कोणी दिवा लावून ठेवल्यासारखा. तीन वर्षं झाली, सप्टेंबर आला की मी पालथा पडून पानं उलटतोय आणि ही शेजारपाजारी सांगत फिरते की ह्यांचं डोकं फिरलंय. आता बोल म्हणावं!

मी पासपोर्ट फोटोवाला. आयुष्यभर माणसांना ‘हनुवटी जरा खाली’ सांगत आलो. आज सवयीने त्यालाही सांगून बसलो. स्टुडिओतला पांढरा पडदा कापून नेला होता, तो मागे धरला. बेचाळीस फोटो काढले.

१० सप्टेंबर

ताईला फोन केला. सापडला म्हणून सांगितलं.

“नक्की?”

“नक्की.”

“उपटला नाहीस ना?”

पंचावन्न वर्षांचा घोडा झालो, तरी तिच्या लेखी मी अजून तिच्या वह्यांवर शाई सांडणारा धाकटा!

इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सव्वीस वर्षांपूर्वी तिने या कंदिलाचं चित्र काढलं, चार पानांचा लेख लिहिला आणि पाठवला. परत आला. ‘चित्र सुरेख. पुरावा नाही.’ पुढच्या परिषदेत चहाच्या वेळी कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “बाईंची कल्पनाशक्ती दांडगी आहे हं!” सगळे हसले. त्यानंतर ताई एकाही परिषदेला गेली नाही. निवृत्त झाली, निरोपाच्या भाषणातही झाडांबद्दल एक शब्द बोलली नाही.

आणि आता डोळे. दृष्टीचा मधला भाग गेलाय. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या खांद्यामागची खिडकी दिसते. कडाही किती दिवस राहतील ते डॉक्टर सांगत नाहीत. तेवढ्या दिवसांत मला हे साधायचंय — त्या हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची आणि कंदील ताईला दाखवायचा.

११ सप्टेंबर

बेचाळिसांतला एक निवडला. साफसूफ केला. कडेची माती काढली. टोकावरून कोळ्याच्या जाळ्याचे तीन धागे लोंबत होते, तेही पुसले. कसा चकचकीत दिसायला लागला, मुलगी बघायला निघालेल्या नवरदेवासारखा! ताईच्या चित्राच्या प्रतीसोबत वनस्पती-संग्रहालयातल्या दाढीवाल्या तज्ज्ञांना पाठवून दिला. बाकीचे एक्केचाळीस नेहमीप्रमाणे उडवले. मूळ फोटो ठेवायचाच नाही, हा धंद्याचा नियम. नाहीतर गिऱ्हाईक नाकावरचा मस बघून भांडतं.

१४ सप्टेंबर

दाढीवाल्यांचा फोन.

“फोटो झकास आहे हो. पण हा साधा कंदील, नेहमीची जात. वीस ठिकाणी नोंद आहे याची.”

“अहो, ताईच्या चित्राशी ताडून बघा ना!”

“तेच बघतोय. चित्रात टोकावर तीन तारा आहेत. सगळा फरक तिथेच तर आहे. तुमच्या फोटोत कुठायत तारा?”

 धागे!! चित्रात त्या तारा शिंगांसारख्या ताठ उभ्या. इथे मलूल लोंबत होत्या. मला काय ठाऊक!

“मूळ फोटो पाठवून द्या,” ते म्हणाले. मी हो हो म्हणून फोन ठेवला. काय पाठवू, कपाळ माझं?

हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच्या हाताने पुसून टाकला. तीस वर्षं लोकांचे भुरभुरणारे केस पुसले, त्याची ही शिक्षा. ताईला सांगायची हिंमत झाली नाही.

हिला सांगितलं. आधी पोट धरून हसली. “अहो, लोकांचे केस विंचरता विंचरता झाडाचंही टक्कल करून आलात?” मग माझं तोंड पाहिलं. उठून माळ्यावरून जुने बूट काढले. स्वतःचे. “उद्या मीही येते. तुम्हाला एकट्याला सोडण्यात अर्थ नाही.”

१५ सप्टेंबर

जागा बरोबर सापडली. खूण म्हणून दोरी बांधली होती. कंदील मात्र नाही. काळपट बुळबुळीत थेंब उरलाय फक्त. ताई म्हणायची ते खरं, वर्षातून दहा-बारा दिवसच येतो आणि एकेक फूल चार दिवसांत विरघळतं.

१६ सप्टेंबर

नाही.

१७ सप्टेंबर

नाही. गुडघे सुजले. हिला जळू चावली, तिने ती चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवली. ते जास्त लागलं.

१८ सप्टेंबर

“अहो. हलू नका.”

मी पालथा. ही मागे उभी.

“साप?”

“साप नाही हो. तुमच्या कोपराशी बघा. कोपर उचलू नका, नुसती मान वळवा.”

तीन! एका ओळीत तीन कंदील, आणि माझं कोपर पहिल्या कंदिलापासून दोन बोटांवर! प्रत्येकाच्या टोकावरून तीन तारा लोंबत्या. भिंगातून पाहिलं — जाळं-बिळं काही नाही, टोकातूनच उगवलेल्या, मुळाशी जाड, पुढे बारीक होत गेलेल्या. या वेळी पडदा नाही, कुंचला नाही, फुंकरसुद्धा मारली नाही. एकाच्या तोंडाशी मुंगी बसली होती. मुंगीसकट काढला! माती, कुजकं पान, सगळं जसंच्या तसं. घरी येऊन आधी चार ठिकाणी प्रती ठेवल्या. हीच म्हणाली, “माझ्या मोबाइलवरही घाला. तुमच्या हातांचा भरवसा नाही.”

माझी बायको म्हणजे — जाऊ दे, ही वही तिच्या हाती लागली तर डोक्यावर बसेल.

२० सप्टेंबर

दाढीवाले स्वतः आले. ओढ्यात घसरले, उठले, कंदिलासमोर आडवे झाले आणि अर्धा तास तसेच. दाढी चिखलात. उठले तेव्हा चष्मा पुसत होते, पण ओला चष्मा नव्हता, डोळे होते.

“तुमच्या बहिणीकडे घेऊन चला मला.”

तशाच बुटांनी ताईच्या घरात शिरले. ताई खुर्चीत. ते म्हणाले, “बाई, त्या परिषदेत मीही होतो. मीही हसलो होतो. तुमचा कंदील आत्ता पाहून आलोय.”

ताई म्हणाली, “बसा. पाय पुसले नसतील तर राहू द्या.”

एवढंच! मी सव्वीस वर्षं या दिवसाची वाट बघतोय आणि ही बाई पाय पुसण्याबद्दल बोलते!  मला आकाश ठेंगणं झालं होतं. घरी येताना मी रस्त्यात मोठमोठ्याने गात होतो, ही चार पावलं मागून चालत होती, ओळख नसल्यासारखी.

२३ सप्टेंबर

फोटो दाराएवढा मोठा छापून आणला. नखाएवढं फूल, सहा फूट! ताईच्या भिंतीवर लावला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मान वळवून खिडकीकडे बघत होती. तिला तसंच बघावं लागतं — जे बघायचं ते डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवून. कितीतरी वेळ बसली. 

“ती मुंगी आहे का रे?”

“हो ताई. मुंगी.”

“पुसली नाहीस?”

कोणी सांगितलं ताईला? हिनेच, दुसरं कोण! ताई हसली. पोटभर, लहानपणी हसायची तशी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिला दिसणार नव्हतंच.

२५ सप्टेंबर

संग्रहालयाचं पत्र आलं. नोंद पक्की. ताईचा जुना लेख छापणार, चित्रासकट, शेजारी माझा फोटो. सोबत एक अर्ज आहे. त्यात रकाना — ‘प्रथम पाहणाऱ्याचे नाव’. उद्या सकाळी ताईकडे जाऊन सही घ्यायची. ही म्हणते इस्त्रीचा शर्ट घाला. घालणार!

२६ सप्टेंबर

ताईने सही केली नाही.

मी सहज विचारलं होतं, तारा लोंबत्या असताना तू ताठ का काढल्यास?

“मी कुठे पाहिला होता रे? दारावर झाडू विकायला एक बाई यायची, तिने पाहिला होता. तिने मला तीन बोटं अशी वर करून दाखवली. मी तशाच काढल्या. लेखात ‘मी पाहिला’ लिहिलं. ‘झाडूवालीने पाहिला’ लिहिलं असतं तर कोणी वाचलं असतं का? मलाच ठाऊक नव्हतं, तो खरंच आहे की नाही. तिचं नाव घाल तिथे.”

मी पेन काढलं. “काय नाव तिचं?”

“नऊ वर्षं येत होती,” ताई म्हणाली. “मी कधी विचारलंच नाही.”