डोळ्यांची आखणी

५ ऑगस्ट १९९६, पेण
ठरवलं! गणपतीच्या कारखान्यात आता जायचं नाही. काल रोह्याच्या सभेत उपदेशक म्हणाले, "देवाच्या माणसानं वेगळं दिसलं पाहिजे." मी मागे सतरंजीवर होते, तरी वाटलं, मलाच म्हणतात. लग्न होऊन रामवाडीत आले तेव्हापासून मी ख्रिस्ती बाई गणपतीचे डोळे आखते. आजवर कधी टोचलं नव्हतं. आता टोचतं.

६ ऑगस्ट
महिपतीकाकांना सांगून आले. कारखाना त्यांचा, आखणी शिकवली तीही त्यांनीच. ऐन हंगाम — रंगवलेल्या मूर्ती फळ्यांवर डोळ्यांवाचून बसलेल्या. वाटलं, भडकतील. एवढंच म्हणाले, "तुझ्या मनात नाय तर हात नको लावू गो." वर चहा पाजला. भांडले असते तर बरं झालं असतं.

१० ऑगस्ट
पहाटे प्रार्थना, दिवसभर उपास. संध्याकाळी आमटीत मीठ नाही म्हणाला म्हणून नवऱ्यावर, विशालवर खेकसले. तो मात्र शांतच! म्हणतो, "उपास तुझा, पण घडतोय आम्हाला." हसू आलं. रागही आला.

११ ऑगस्ट, रविवार
रोह्याजवळच्या वरसे गावी, वरशाला, प्रार्थनेला गेलो. उभी राहून साक्ष दिली — देवासाठी हातचं काम सोडलं म्हणून. सगळे "आमेन" म्हणाले. फार गोड वाटलं. परत येताना एस.टी.त विशालनं विचारलं, "काकांच्या मूर्तींचं काय?"

१७ ऑगस्ट
बाजारात काकांच्या पत्नी धोंडुबाई भेटल्या. म्हटलं, दुसरा कारागीर बघा. "बघू देत नाय गो. सोताच बसतात. हात कापतो, डोला वाकडा होतो. पुसतात, परत काढतात. जेवायला पण उठत नाय."
घरी येऊन गुडघे टेकले.
मला पवित्र व्हायचंय, हे अगदी खरं. पण ते होताना मी स्वतःलाच इतकी का आवडतेय?

१८ ऑगस्ट, रविवार
वरशाला गेले नाही. ताप नाही, काही नाही.

१९ ऑगस्ट
कारखान्यात गेले. काका हातात कुंचला घेऊन, डोळे मिटून बसलेले. बाकी सगळे गप्प. विचारलं, "काका, काय करताय?"
"तू कुंचला उचलायच्या आधी येशूजवळ काय मागायचीस, ते ठाव नाय. पण तवा आमी सगली गप बसायचो. म्हटलं, आपुन पण बसून बघू."
मला वाटायचं, माझी ती प्रार्थना कुणाच्या लक्षातही येत नाही. इतकी वर्षं सगळा कारखाना तिच्यासाठी थांबत होता. आणि मी तीच जागा अपवित्र म्हणून सोडून आले, वर साक्ष दिली!
शेजारी बसले. प्रार्थना केली. मग काकांचं मनगट धरलं.
डोळे त्यांनीच आखले.