रेषेच्या आतला पाय

प्रिय सोनल,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे. शाळेच्या संघातसुद्धा खो मी द्यायचे आणि शाबासकी तू घ्यायचीस. म्हणून आज कागद.

कळंबच्या जिल्हा निवडीच्या सामन्याला तू नव्हतीस, मी पंच होते. खो-खोत पोरी तीन-तीन करून पळतात, बाद झाल्या की सावलीत जाऊन लिंबूपाणी पितात. पंचाला बसणं नाही. चारही डाव रेषेच्या कडेनं पळायचं, नजर पायांवर ठेवायची आणि धाप लागलेली कुणाला दिसू द्यायची नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे फार होतं गं. त्यात माझा गुडघा आठवडाभर सुजलेला. सांगितलं असतं तर मला गुण लिहायला टेबलाशी बसवलं असतं, आणि तिथं एकदा बसलेल्या पंचाला पुन्हा मैदानात कुणी बोलवत नाही. मी पट्टी आवळली, वर ट्रॅकपँट चढवली आणि शिट्टी गळ्यात घातली.

तुझी लेक त्या दिवशी काय सुंदर पळत होती. तिसऱ्या डावात समृद्धी खांबाला वळून कोपऱ्याकडे सुटली. मीही तिथवर पोचायला हवं होतं, पण गुडघ्यानं अर्ध्यातच थांबवलं. दोन्ही पाय रेषेबाहेर गेले तरच पळणारी बाद. मला पाय दिसलेच नाहीत, नुसती धूळ दिसली, आणि मी तिला बाद दिलं. ती गुमान बाहेर गेली. सामना संपल्यावर बाटली घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, माजा एक पाय आतच व्हता. पन तुमी आदी पानी प्या." मी पाणी प्यायले आणि काहीच बोलले नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

काल तुझा फोन आला. जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव नाही, पोरगी आळशी झालीय, आता तिचा सराव बंद, असं म्हणालीस. तू माझ्याशी भांडशील म्हणून तिनं तुला खरं सांगितलेलं नाही, आणि मी तेव्हाही गप्प बसले. सोनल, तिचं काही चुकलं नाही. चूक माझी, मुलीला पुन्हा पळवून बघा, असं मी निवड समितीला लिहून दिलंय. त्यांनी तिला रविवारी सकाळी बोलावलंय. मला काय बोलायचं ते सावकाश बोल, पण हे वाचून झालं की आधी ऊठ आणि तिला जवळ घे.

तुझ्या रागाला तयार असलेली, तरी तुझीच,
साधना