जिथे उभं राहायला जागा नाही

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज एक फोटो मी बाद केला आणि तो डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले. एरवी मला ही सवय नाही. रोजनिशी हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मीच म्हणत आले.

क्लबच्या वार्षिक प्रदर्शनाची निवड होती. परीक्षक आम्ही तिघं, नेहमीचेच. आनंदाभाऊ, वयाने सगळ्यांत मोठे. दीपक, लग्नांचे फोटो काढून नाव कमावलेला. आणि मी, स्टुडिओ बंद केला तरी सगळ्यांच्या चुका काढणारी. समोर ढीगभर सूर्यास्त. ढीगभर बगळे. भाट्याची खाडी दरवर्षीप्रमाणे. मी पटापट बाजूला सारत होते. मग हा आला.

मिरकरवाड्याची जेटी, संध्याकाळची वेळ. कडेला मासेवाल्या बायका ओळीने उभ्या, होडीतून वर येणारी पाटी घ्यायला सगळ्यांचे हात पुढे. फोटो खालून काढलेला, अगदी पाण्याच्या पातळीवरून. आणि ते चेहरे! मावळतीचा सगळा उजेड तोंडावर. एकीच्या नाकातली चमकी, दुसरीच्या मनगटाला चिकटलेला खवला, तिसरी बोलता बोलता थांबलेली. कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नाही. नजरा पाटीवर.

आम्ही तिघंही पुढे वाकलो. निवडीच्या खोलीत असं फारसं होत नाही.

मग दीपकने विचारलं, काढला कुठून? खरंच की. मिरकरवाड्यात कॅमेरा घेऊन उभं राहायच्या जागा आम्हाला तोंडपाठ आहेत. हा जिथून काढलाय तिथे जमीनच नाही, पाणी आहे. होडीतून म्हणावं, तर फाइलमध्ये बघितलं — शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं. एवढ्यात जमिनीवरच्या माणसाचासुद्धा हात हलतो. डुलत्या होडीत चेहऱ्यांची खीर व्हायला हवी. इथे तर खवला न् खवला दिसतोय. दीपकने निकाल दिला, कॉम्प्युटरने बनवलेला. वर म्हणाला, सूर्य काय हिच्या घरचा लाइटमन आहे? आनंदाभाऊ हसले नाहीत. बनवलेले फोटो बाद, हा नियम मी वाचून दाखवला आणि शेरा लिहिला: बनावट. अक्षर माझं, सही माझी.

पाठवणारीचं नाव इरम. वय सोळा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी दूध उतू गेलं. माझं दूध उतू जात नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ती आली. सरळ घरी! दार उघडलं तर सडपातळ पोरगी, डोक्यावर ओढणी, पायात रबरी चप्पल. नमस्कार नाही, काही नाही. "शकूमॅडम तुम्हीच का? बनावट तुम्ही लिहिलंत?"

मी हो म्हटलं. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, कारण सांगा. मी सांगितलं — तिथे उभं राहायला जागा नाही.

"मी उभी कुठे होते? बसले होते."

मग सगळं सांगितलं, भराभरा. तिची आई कुलसुम त्याच जेटीवर मासे विकते. फोटोत मधोमध आहे ती. आमचा शेरा मोहल्ल्यात पोचायला वेळ लागला नाही. आता जेटीवरच्या बायका कुलसुमला चिडवतात, तुझ्या पोरीने म्हणे आम्हाला मशिनीतून काढलं, आम्ही काय खऱ्या नाय? कुलसुमने कॅमेरा कपाटात घालून कुलूप लावलंय. बाप जैनुद्दीन कुवेतला. जुना कॅमेरा त्यानेच पाठवलेला. बारावीनंतर मुंबईला फोटोग्राफी शिकायला पाठवणार होता. आता फोनवर म्हणाला, लबाडी शिकायला मुंबई कशाला? नाव साफ झालं तरच कुलूप निघेल. तोवर कॅमेरा नाही आणि मुंबईही नाही.

एका शब्दाने एवढं होतं. मी आयुष्यभर शेरे लिहीत आले. कुणाच्या घरी जाऊन बघितलं नव्हतं.

मी विचारलं, हात हलला कसा नाही? तिला प्रश्नच बावळट वाटला असावा. म्हणाली, "पाणी होडीला वर घेतं मॅडम, आणि खाली सोडायच्या आधी थांबतं. पाटी तेव्हाच द्यायची असते. आधी दिली तर धक्क्याला आपटते, नंतर दिली तर हात पोचत नाही. मामू पाटी देतो, मी बटण दाबते. वरच्या बायकांचे हातपण तेव्हाच थांबतात."

मी म्हटलं, असं जमत नाही.

"तुम्ही कधी बसलायत होडीत, कॅमेरा घेऊन?"

नाही. कधीच नाही. माझं सगळं आयुष्य या किनाऱ्यावर गेलं. पण कॅमेरा आणि खारं पाणी यांच्यात चार हात अंतर ठेवायचं, हा धडा मला गुरूंनी दिला, मी दीपकला दिला, दीपकने पुढच्या पोरांना. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं माझं. मीठ धातूचं काय करतं ते मी क्लबच्या वर्गात फळ्यावर लिहून दाखवायचे. धडा बरोबरच आहे. त्यापायी आम्ही सगळे एकाच बाजूला उभे राहिलो, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

जाताना तिने भिंतीवरचे माझे फोटो बघितले. एकेकासमोर थांबून, घाई न करता. "छान आहेत," म्हणाली. परीक्षकासारखं!

रविवार, ९ नोव्हेंबर

दीपकला फोन. शेरा लिहून झाला, शकूताई, म्हणाला. आज एकीचा मागे घेतलात तर उद्या बाद झालेला प्रत्येक जण दारात. मी म्हटलं, मंगळवारी संध्याकाळी जेटीवर ये, डोळे घेऊन; पोरगी परत काढून दाखवेल. तो कुरकुरला. आनंदाभाऊ फक्त "येतो" म्हणाले.

संध्याकाळी मिरकरवाड्यात कुलसुमला भेटले. समोर सुरमई, हातात कोयता, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॅमेरा दे म्हटलं तर नाही म्हणाली. आधी खरं ठरू दे. तिचंही बरोबर.

म्हणजे कॅमेरा माझा द्यावा लागणार. या कॅमेऱ्याला मी सख्ख्या भाच्याला हात लावू दिलेला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लिहायला हवं नीट. आजचं तरी.

सूर्य कलता होता. होड्या यायला लागलेल्या. इरमचा मामू अक्रम — मोठी बोट चालवणारा तांडेल आहे, आज पोरीसाठी लहान होडी घेऊन आलेला. त्याने मला सलाम केला. नजरेत मस्करी होती. मी कॅमेऱ्याचा पट्टा इरमच्या गळ्यात घातला. दहा सूचना द्यायच्या होत्या. एकही दिली नाही.

बायका रंगात आलेल्या. एक म्हणाली, आज परीक्षा पोरीची की म्हाताऱ्यांची? दीपकने, आनंदाभाऊंसारखाच, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ऐकलं नाहीसं दाखवलं.

होडी थोडी लांब गेली आणि परतली, पाट्या भरलेल्या. इरम फळीवर बसली नव्हती. खाली होडीच्या तळाशी बसली होती, पाठ लाकडाला टेकलेली, गुडघे वर, कोपरं गुडघ्यांवर. होडीचं एक हाड असावं तशी. पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर आणि माझ्या कॅमेऱ्यावर.

मग मी पाणी बघायला लागले. पहिल्यांदाच. फोटोसाठी नाही, नुसतं. होडी वर येते, वर येते — आणि हो! थांबते. डोळ्याचं पातं लवावं इतकं थांबते. त्याच वेळी अक्रमच्या हातून पाटी सुटते आणि कुलसुमच्या हातात असते. देणारा स्थिर, घेणारी स्थिर, पाटी स्थिर. सगळं जग एवढ्यापुरतं थांबतं आणि परत डुलायला लागतं. हे रोज संध्याकाळी होतं. मी त्याच्या डोक्यावरून सूर्य काढत होते.

शेवटी इरम मला "मॅडम, घ्या" म्हणाली आणि कॅमेरा माझ्या हातात होता. वजनच लागलं नाही.

जेटीवरच पडद्यावर बघितले. पहिला. तेच शटर, तीच धार. दीपक म्हणाला, नशीब. दुसरा. नशीब, जरा हळू आवाजात. तिसऱ्याला त्याने पडदा स्वतःकडे वळवला. त्यात कुलसुम हसत होती, आणि हसताना तिचा एक दात तुटका आहे हे मला आज कळलं.

आनंदाभाऊंनी चष्मा काढून पुसला, परत बघितलं, आणि दोर बांधायच्या खुंटावर बसले. हा माणूस माझ्या तरुणपणी आमच्यासाठी देव होता. मुंबईच्या मासिकांत त्यांचे फोटो यायचे — याच जेटीचे, याच बायका, सोनेरी पाण्यापुढे काळ्या आकृत्या.

"शकू," ते म्हणाले, "मी पंचावन्न वर्षं या बायकांच्या पाठी काढल्या."

इरम होडीतून वर चढली, ओढणी पिळली आणि आईच्या पाट्या उचलायला गेली. तिला आमच्या शोकाशी घेणं नव्हतं.

मला मत्सर वाटेल असं मी धरून चालले होते. वाटला नाही. देवळात अचानक पडदा सरकावा तसं वाटलं. सोळाव्या वर्षी हे कुणी शिकवून येत नाही आणि साठाव्या वर्षी शिकवून जातही नाही. ते समोर दिसलं, एवढं भाग्य पुरे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

"बनावट" खोडलं. वर लिहिलं: माझी चूक. फोटो खरा, पहिला क्रमांक. सही.

दीपकने सुचवलं, बाल विभागात लावू या, पोरीला प्रोत्साहन. मी म्हटलं, मग तू मोठ्यांच्या विभागात काय लावणार आहेस? हसला बिचारा. मग आपणहून सांगितलं, कॅमेऱ्याचं पाणी न शिरणारं कव्हर मागवलंय. रंगसुद्धा सांगितला. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

रविवार, १६ नोव्हेंबर

कॅमेरा अजून पुसलेला नाही, नुसतं कार्ड काढून इरमला दिलं. खार दिसतो कडेला. पुसेन.

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रदर्शनाचं उद्घाटन. भाषणं झाली, नेहमीची. लोक इरमच्या फोटोसमोर येऊन आवाज बारीक करत होते.

साडेपाचला जेटीवरच्या बायका आल्या. पाट्या बाहेर पायरीवर ठेवून, ओल्या पायांनी, थेट आत. आमच्या पाहुण्यांनी वाट करून दिली. बायका आपल्याच तोंडांसमोर उभ्या राहिल्या. मग एक म्हणाली, "अगो, मी अशी दिसतंय?" चेष्टा नव्हती त्यात. खरंच विचारत होती.

कुलसुम मागे उभी. हातात कापडी पिशवी. मी जवळ गेले.

"बाई, तो शबूद तुमी लिवलेलात ना?"

"मीच."

"आन् खोडलात?"

"मीच."

तिने मान हलवली. पिशवीतून कॅमेरा काढला, पदराने पुसला आणि लेकीच्या गळ्यात घातला. एवढंच. तिने लेकीला जवळ घेतलं नाही. फोन तेवढा हातात दिला. कुवेतहून जैनुद्दीन दिसत होता, मागे क्रेन. इरमने फोन फोटोसमोर धरला. तो एकेक बाई नावाने ओळखत गेला, आणि मधल्या बाईपाशी आल्यावर त्याचा आवाज बंद झाला. नेटवर्क गेलं असं इरम म्हणाली. नेटवर्क चांगलं होतं.

नंतर तो म्हणाला, मुंबईच्या कॉलेजचा फॉर्म कधी निघतो ते विचारून ठेव.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

इरमने आज आणून दिलं: फोटो एक, कागदावर छापलेला, त्या मंगळवारी माझ्याच कॅमेऱ्यातून काढलेला. पाण्यावरून दिसणारी जेटी. दीपक आणि आनंदाभाऊ, डोळ्यांना कॅमेरे, तोंडं झाकलेली. त्यांच्या शेजारी, बायकांच्या ओळीत, उजेडात उघड्या तोंडाने मी. माझे दोन्ही हात पुढे. होडीतून अजून काहीच आलेलं नाही.

फोटो मिळाला. सही: शकू.